पाखराला दम लागतो तेव्हा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या सरकारी नोकरीतल्या गाईम्हशींच्या आठवणी लिहा. अडलेली म्हैस, खाडीपलीकडची वाडी, होडीतला प्रवास, असं काहीतरी. वाचकांना आवडतं." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर ठरवलं, लिहायचं ते पाखरांवर. गाईम्हशींबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी मला जन्मभर भाकरी दिली. पण त्यांच्यासाठी मला कुणाशी भांडावं लागलं नाही. म्हैस आजारी पडली की अख्खी वाडी गोठ्यात जमते. पाखरू आजारी पडलं तर घरातलाच माणूस म्हणतो, मेलं तर दुसरं आणू.

मी पशुवैद्यक. दापोलीपासून गुहागरपर्यंतच्या सरकारी दवाखान्यांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत एका गाळ्यात स्वतःचा दवाखाना उघडला. पाटीवर 'पाळीव पक्ष्यांवर उपचार केले जातात' अशी एक ओळ घातली. गाळ्याचे मालक ती वाचून म्हणाले, "ही ओळ काढा ओ. लोक हसतात." मी म्हटलं, "हसू देत. हसायला थांबतील ते आतही डोकावतील." ओळ राहिली. जुने सहकारी भेटले की विचारायचे, "काय, चिमण्यांना सुया टोचता म्हणे?" मी सांगायचे, "टोचते. बैलाला टोचायला ताकद लागते, चिमणीएवढ्या जिवाला टोचायला हात लागतो."

पुढचं नीट कळावं म्हणून पक्ष्याच्या श्वासाबद्दल थोडं सांगते. आपल्या छातीखाली एक पडदा असतो, तो खालीवर झाला की फुप्फुसात हवा भरते. पक्ष्याला तो पडदा नाही. तो छातीचं हाड हलवून श्वास घेतो, आणि फुप्फुसांखेरीज त्याच्या अंगात हवेच्या पातळ पिशव्या असतात, थेट पोटापर्यंत पसरलेल्या. म्हणून पक्ष्याची छाती मुठीत आवळली की नाक मोकळं असूनही तो गुदमरतो. कितीतरी पाखरं माझ्याकडे अशी मायेच्या मुठीत गुदमरत आली आहेत.

शिवाय पक्षी आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसतो त्याला आधी उचललं जातं, ही भीती पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याच्याही रक्तात असते. त्यामुळे तो आजारी आहे हे तुमच्या लक्षात येतं, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मी सगळ्यांना एकच सांगते, शेपटीकडे बघा. स्वस्थ बसलेल्या पक्ष्याची शेपटी श्वासागणिक पंपाच्या दांड्यासारखी वरखाली होत असेल, तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत. उडून आल्यावर किंवा उन्हाने चोच उघडी पडणं वेगळं. दांडीवर नुसता बसलेला पक्षी चोच उघडून श्वास घेत असेल, तर हातातलं काम टाकून निघा. रोज शीळ घालणारा गप्प होतो, आवाज घोगरा होतो, पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसतो. अशा वेळी लोक चमच्याने पाणी पाजतात, बाम लावतात, ओव्याची धुरी देतात. पाणी श्वासनलिकेत जातं आणि धुरीने उरलासुरला श्वासही जातो. उबदार, शांत, अंधारं खोकं घ्या, त्याला हवेसाठी भोकं पाडा, पक्ष्याला त्यात ठेवा आणि डॉक्टर गाठा.

एकदा एक जोडपं बुटांच्या खोक्यात दोन लव्हबर्ड घेऊन आलं. दोन्ही मेलेले. नवरा तावातावाने म्हणाला, "दुकानदाराने आजारी पक्षी गळ्यात मारलेन." मी विचारलं, "पिंजरा कुठे होता?" स्वयंपाकघरात. बायको आंबोळ्या घालत होती, मधेच फोन आला, गॅसवर नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला. तसा तवा जास्त तापला की त्यातून एक वायू निघतो. माणसाला फार तर घसा खवखवल्यासारखं होतं, पक्षी मात्र बघता बघता मरतो. मी हे सांगितल्यावर ती बाई हळूच म्हणाली, "म्हणजे मीच मारले." मी म्हटलं, "नाही. तव्यावर तसं कुणी लिहिलेलं नव्हतं आणि तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं." त्या दिवसापासून पक्षी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी स्वयंपाकघराबद्दल विचारते. काहींना राग येतो. येऊ दे.

आता मुख्य हकिकत. शहराच्या कडेला कातळावर ज्या नव्या इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या एका सोसायटीत शिवराम धनावडे नावाचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीला जाळी मारून त्यांनी बजरी आणि कॉकाटील हे छोट्या जातीचे पोपट पाळले होते. जन्म घाटात हॉर्न वाजवण्यात गेला, आता जरा गोड आवाज ऐकायचाय, असं ते म्हणायचे. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, पाखरांना काय झालाय कळत नाय. दम लागतोय. एक गेला, दुसरा तोंड वासून बसलाय."

तेव्हा कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात कोंबड्या मेल्याच्या आणि बर्ड फ्लूच्या बातम्या येत होत्या. म्हणून मी मास्क, हातमोजे घालूनच गेले. जिन्यातच मला सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. सावंतसाहेब, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, मामांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे. जणू माझी वाटच बघत होते.

"डॉक्टर, बरं झालं आलात. तुम्ही फक्त लिहून द्या की हे पक्षी रोगट आहेत. पुढचं आम्ही बघतो."

"पुढचं म्हणजे काय?"

"म्हणजे विल्हेवाट. माझी नात महिनाभर खोकते आहे. पाच वर्षांची पोर. तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

त्यांचा आवाज चढलेला होता, पण डोळे झोप न झालेल्या माणसाचे होते. ते मला तेव्हाच दिसलं. मी म्हटलं, "आधी बघू तरी द्या."

गॅलरीत बऱ्याच पक्ष्यांची पिसं फुगलेली होती. काहींच्या शेपट्या हलत होत्या. मामांचा सर्वांत जुना नर कॉकाटील चोच उघडी टाकून कोपऱ्यात बसला होता. मी जाळीपासून लांब उभी राहून नुसती बघत राहिले. मामी दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं मला काही सुचत नाही. पण पक्षी अंगावर जाऊन तपासायचा नसतो, तो आधी दुरून वाचायचा असतो. नाकाडोळ्यांतून पाणी नाही, विष्ठा ठीक, दाण्यांना बुरशी नाही. मग मी पिंजऱ्यावर प्लास्टिक टाकून बरोबर आणलेल्या लहान सिलिंडरमधून त्या नराला ऑक्सिजन दिला. त्याची चोच हळूहळू मिटली.

तेवढ्यात आतून शीळ ऐकू आली. पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी, एका पंखाने अधू असलेली कॉकाटील मादी वेगळ्या पिंजऱ्यात होती. चिंगी तिचं नाव. तिला मामी जवळ ठेवायच्या. ती अगदी ठणठणीत होती.

"हिला दाणापाणी कोण देतं?"

"मीच देत्ये," मामी म्हणाल्या. "पयलं त्यांना घालत्ये, मग हिला. त्याच डब्यातला."

मी तिथेच थबकले. संसर्ग असता तर त्याच हातांनी, त्याच डब्यातून तो एव्हाना चिंगीपर्यंत पोचायला हवा होता. दोन्ही ठिकाणी माणसं तीच, दाणे तेच. वेगळी होती ती फक्त हवा.

अंदाजावर मात्र मी कुणाला सोडत नाही, स्वतःलाही नाही. मेलेला पक्षी नियमाप्रमाणे बंद करून पशुसंवर्धन कार्यालयामार्फत प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल येईपर्यंत एकही पक्षी घराबाहेर जाणार नाही आणि कुणी पाहुणा आत येणार नाही, असं मामांना बजावलं. वर जाऊन सावंतांच्या सुनेलाही भेटले. तन्वी तिचं नाव. "मुलीच्या डॉक्टरांना सांगा की खालच्या घरात पक्षी आहेत," मी तिला म्हटलं. "पक्ष्यांपासून माणसाला छातीचे आजार होऊ शकतात, ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना तपासू दे." ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली. मी पक्ष्यांची वकिली करायला आले आहे असं तिला सांगण्यात आलं असावं.

निघताना मी मामांना विचारलं, "पाखरांना जास्त त्रास कधी होतो?"

"सकाळी. दुपारनंतर बरी असतात. सकाळी आमचेपण डोळे चुरचुरतात, म्हणून गॅलरीचं दार लावून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न कळवता गेले. फाटकातून आत शिरल्याबरोबर नाकात वास गेला आणि मला माझं लहानपण आठवलं. मे महिन्यात आम्ही पोरं पालापाचोळ्यात काजू भाजायचो, तेव्हा टरफलातलं तेल तडतडत उडायचं, ज्याच्या अंगावर पडेल त्याचं कातडं सोलून निघायचं, आणि तो धूर डोळ्यांत गेला की आंधळ्यासारखं चाचपडावं लागायचं. तोच वास. इमारतीच्या मागे गेले तर लोखंडी टाकीखाली काजूची टरफलं जळत होती. ओलसर पोती शेजारी रचलेली. वॉचमन पदराने तोंड झाकावं तसं उपरण्याने तोंड झाकून त्यात फावड्याने भर टाकत होता. गच्चीवरचं सोलर वादळात उडून गेल्यापासून सगळ्या घरांना गरम पाणी इथूनच जात होतं. धुराड्याचा पाइप पहिल्या मजल्यापर्यंतच होता. तिथून निघालेला काळपट धूर भिंतीला चिकटून वर चढत होता, मामांच्या गॅलरीत शिरत होता आणि तिथून सरळ वरच्या खिडकीत. ती खिडकी सावंतांची होती.

मी वर जाऊन मामांना सगळे पक्षी पुढच्या खोलीत हलवायला लावले. गॅलरीचं दार आणि मधला दरवाजा ओल्या चादरी लावून बंद केला. मग सावंतसाहेबांना सांगितलं, "मला सभासदांशी बोलायचं आहे." ते म्हणाले, "उत्तम. सभा बोलावलेलीच आहे, याच विषयावर."

सभा पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर एक ट्यूबलाइट. सावंतसाहेब उभे राहून बराच वेळ बोलले. बर्ड फ्लू, लहान मुलं, सोसायटीचे नियम. लोक माना डोलावत होते. मामा शेवटच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते. ज्या माणसाने भरलेली गाडी पावसाळ्यात आंबा घाटातून खाली आणली, तो तिथे शिक्षा ऐकायला आल्यासारखा बसला होता. ते मला बघवेना.

"डॉक्टर, आता तुम्ही सांगा," सावंत म्हणाले. "पक्षी आजारी आहेत की नाही?"

"आहेत."

"मग तेवढंच लिहून द्या."

"तेवढंच लिहून देणार नाही. कशाने आजारी आहेत तेही लिहीन. अहवाल यायचा आहे. त्यात बर्ड फ्लू निघाला तर पक्षी मारावे लागतील, आणि ते सांगायला मीच पहिली येईन. पण मी जे बघितलं ते सांगते. तुमच्या टाकीखाली जळणारी काजूची टरफलं ही पाखरं मारताहेत."

पार्किंगमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "कोकणात काजूचा धूर कुणाला नवीन आहे? आम्ही काय मेलो?"

"तुम्ही मोकळ्या आवारात, मे महिन्यातली एक दुपार त्या धुरात उभे होतात. ही रोज सकाळी त्यात बसतात. पक्ष्याचा जीव लहान आणि श्वासाचं काम मोठं. जे आपल्याला हळूहळू बाधतं, ते त्याला आधी बाधतं."

"म्हणजे चार पाखरांसाठी आम्ही थंड पाण्याने आंघोळ करायची?" सावंतांनी विचारलं.

"चार पाखरांसाठी म्हटलं तरी माझी हरकत नाही. मी त्यांचीच डॉक्टर आहे. पण साहेब, मामांच्या गॅलरीतून निघालेला धूर कुणाच्या खिडकीत जातो, ते एकदा सकाळी खाली उभं राहून बघा."

ते ताठ झाले. "तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. माझ्या नातीबद्दल तुम्ही बोलायचं नाही."

"नाही बोलत. ती माझी रुग्ण नाही. पण पक्षी माझे आहेत, आणि त्यांच्याबद्दल खोटं मी लिहून देणार नाही. आठवडाभर टाकी बंद ठेवा. पक्षी सुधारले नाहीत तर मी सगळ्यांसमोर चुकले म्हणेन."

कुणी हो म्हटलं नाही. सभा तशीच विसकटली. जाताना एक बाई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, "पाखरांसाठी माणसांशी भांडतात." मला ते ऐकू जावं म्हणूनच म्हणाली होती. मी वळून म्हटलं, "हो, भांडते. त्यांना बोलता येत नाही, मला येतं."

सभेनंतर एक दिवस सोडून सकाळी मी पुन्हा तिथे गेले, टाकी बंद करायचा मला काही अधिकार नाही हे माहीत असून. वॉचमनने नुकताच जाळ केला होता. मी त्याच्याशी बोलत असतानाच मागच्या दाराने तन्वी आली. अंगात गाऊन, वर ओढणी, हातात पाण्याने भरलेली बादली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, वॉचमनकडेही नाही. सरळ टाकीपाशी गेली आणि पाणी जाळावर ओतलं. चर्र आवाज होऊन पांढरी वाफ उठली. वरून सावंतसाहेबांची हाक आली, "तन्वी, काय करतेस?"

तिने मान वर केली. "बाबा, मी काल पहाटेपासून खिडकीत उभी होते. जाळ पेटला आणि स्वरा खोकायला लागली. आज परत बघायची माझी हिंमत नाही."

मग ती वॉचमनला म्हणाली, "काका, उद्या पेटवलंत तर मी उद्याही येईन." रिकामी बादली उचलून ती जिना चढून गेली.  थोड्या वेळाने सावंतांची खिडकी बंद झाली.

टाकी पुन्हा पेटली नाही. अहवाल आला, त्यात बर्ड फ्लू नव्हता. पुढच्या खोलीत हलवलेले पक्षी एकेक करून सावरले. पिसं अंगाला बसली, शेपट्या स्थिर झाल्या, आणि एका सकाळी मामांचा फोन आला, तो नुसता समोर धरलेला, पलीकडून सगळ्यांचा कलकलाट. जुना नर मात्र गेला. धुराने आतून जे जळलं होतं ते माझ्या औषधांनी भरून आलं नाही. मी त्याला रोज जाऊन औषधाची वाफ दिली, सुया दिल्या, शेवटी तो मामांच्या खांद्याजवळच्या दांडीवर बसल्या बसल्याच गेला. मामा म्हणाले, "बाई, तुम्ही आलात म्हणून बाकीची उरली." मला तेवढ्याने समाधान झालं नाही. ज्या रोगाचं औषध बादलीभर पाणी आहे, त्या रोगाने एकही पाखरू जाता कामा नये.

स्वराच्या डॉक्टरांनी तिला रीतसर औषधं दिली, धूर थांबला, खोकला कमी होत गेला. कशाने किती फरक पडला हे तिचे डॉक्टर जाणोत. सोसायटीत माझी कुणी माफी मागितली नाही, आभारही मानले नाहीत. उलट काही घरांतून माझ्याबद्दल 'ती भांडखोर डॉक्टरीण' असं बोललं जाऊ लागलं. माझी हरकत नाही. त्या नावाने मला रुग्ण मिळाले. आपण फसवले जाऊ, लोक हसतील अशी भीती वाटणारी माणसं पिंजरे कापडाखाली झाकून माझ्याकडे यायला लागली. त्यांना ठाऊक होतं की ही बाई हसणार नाही.

पुढे उन्हाळ्यात, शाळांना सुट्टी लागायच्या आधी एका दुपारी सावंतसाहेब दवाखान्यात आले. एकटेच. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"त्या सभेत तुम्ही माझा चारचौघांत अपमान केलात," ते म्हणाले.

"केला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करेन."

त्यांनी भिंतीवरचं पक्ष्यांच्या अवयवांचं चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "स्वरा मामांकडे पडलेली असते. सारखं विचारते, पाखरांचं डॉक्टर व्हायला काय करावं लागतं. मी सांगितलं, असलं काही नसतं. ती म्हणते, असतं, जाऊन विचारून या."

"तुम्हाला कशाला पाठवलं? तिलाच आणा."

"लहान आहे ती."

"माझे रुग्ण त्याहून लहान आहेत. उद्या शाळा सुटल्यावर आणा. एक बजरी दाखवायला येणार आहे, बघू दे तिला."

ते हो किंवा नाही न म्हणता गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात स्कूटर थांबली. दप्तर पाठीवर घेऊन स्वरा आत आली, टेबलापाशी स्टूल ओढून बसली आणि काही विचारायच्या आधीच वाकून बजरीकडे बघायला लागली. आजोबा आत आले नाहीत. मी मधूनच काचेतून बाहेर पाहिलं. ते रणरणत्या उन्हात स्कूटरवर बसून होते, आणि तिचं बघून होईपर्यंत बसून राहिले.